कोपऱ्यापुरता पुदिना

ज्या ढेकरामुळे हे सगळं झालं, तो मुद्देसाहेबांनी मुद्दाम दिला नव्हता, हे आधी सांगायला हवं. पाणीपुरवठा खात्याची महिन्याची बैठक चालली होती. मुख्य अभियंता मोठ्या जलवाहिनीच्या गळतीबद्दल बोलत होते. "आवाज येतो, पण नेमका कुठून येतो ते सापडत नाही," असं म्हणून ते पाणी प्यायला थांबले, आणि नेमक्या त्या शांततेत मुद्देसाहेबांच्या पोटातून तो निघाला. लांबलचक, मध्ये श्वास घेऊन पुन्हा सुरू झालेला, आणि शेवटी किंचित प्रश्नार्थक. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या कागदात डोकं घालून बसले आणि अभियंता म्हणाले, "हां, साधारण असाच आवाज."

मुद्देसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खात्यात ते हेडक्लार्क. "मुद्दा असा आहे की" म्हटल्याशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य बाहेर पडत नसे, म्हणून ऑफिसने हे नाव ठेवलं, आणि तिथून ते सोसायटीपर्यंत कसं पोचलं ते कोणालाच ठाऊक नाही. खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. माणूस सरळ, कामाला चोख. कोणाच्या अर्जाला एखादा कागद जोडायचा राहिला असेल, तर तो अर्ज परत पाठवताना त्यांना मनापासून वाईट वाटायचं; पण पाठवायचे. अशा माणसाच्या पोटाची भर बैठकीत फुटक्या पाइपाशी तुलना व्हावी, हे त्यांच्या जिव्हारी लागलं.

बैठक संपल्यावर टायपिस्टबाई हळूच त्यांच्या टेबलाशी आल्या. "साहेब, राग मानू नका. पुदिना घ्या. माझ्या सासूबाईंचं पोट म्हणजे धक्का मारल्याशिवाय सुरू न होणारी मोटार होती. पुदिन्याने सरळ झालं."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तिची अख्खी नोकरी टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात गेली होती, त्यामुळे समोरचा कितीही तापला तरी तिचा आवाज एका पट्टीच्या वर जात नसे. निवृत्त झाली तरी ती सवय सुटली नव्हती.

"तुमची तक्रार लक्षात आली," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे जाऊन या."

"डॉक्टर गोळ्या देतात. मुद्दा असा आहे की, मला दुखण्याच्या मुळाशी जायचंय."

मुळाशी ते गेलेच. पण ते पुढे.

बाजारातून पुदिन्याची जुडी आली. पानं धुऊन, चुरगळून, गरम पाण्यात टाकून मुद्देसाहेब सकाळ-संध्याकाळ पिऊ लागले, आणि आठवडाभरात ढेकर जवळजवळ थांबले. त्याच आठवड्यात ऑफिसच्या कँटीनचा आचारी रजेवर गेला होता आणि साहेब घरचा डबा खात होते, ही गोष्ट बायकोने एकदा सुचवून पाहिली. पण तोवर श्रेय वाटून झालं होतं.

जुडीतल्या काही काड्या त्यांनी सहज पाण्याच्या ग्लासात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. थोड्याच दिवसांत त्यांना पांढरी, केसासारखी मुळं फुटली. आता, ज्या माणसाने जन्मभर फक्त कागद पुढे सरकवले, त्याच्या हातून काहीतरी जिवंत उगवलं, तर त्याचं काय होतं हे ज्याचं त्यालाच कळतं. मुद्देसाहेब ग्लास उजेडात धरून बघत राहिले. मुलगी नोकरीसाठी दूर गेल्यापासून घरात वाढण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "अगं, बघ," ते बायकोला म्हणाले, आणि त्या वेळी मुद्दा असा आहे की, असं म्हणायलासुद्धा विसरले. बायकोने चष्मा लावून पाहिलं. तिलाही बरं वाटलं. तिथेच ते थांबले असते तर ही एका ग्लासाची साधीसुधी, सुखाची गोष्ट झाली असती.

ग्लासातून पुदिना कुंडीत गेला, एका कुंडीतून बऱ्याच कुंड्यांत गेला, आणि मुद्देसाहेब ज्ञानात गेले. मिळेल ते वाचू लागले. पुदिन्याने पचन सुधारतं. तोंडाचा वास जातो. सर्दीत वाफ घेतली तर नाक मोकळं होतं. डोकं दुखत असेल तर पाला वाटून कपाळावर लावावा. मुंग्या त्याच्या वाटेला जात नाहीत, उंदरांनाही तो आवडत नाही असं म्हणतात. ही शेवटची माहिती त्यांनी ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये आजमावली. उंदरांनी जुन्या फायली खायच्या सोडल्या नाहीत. उलट आता तोंड साफ करून खात असावेत, असं टायपिस्टबाई म्हणाल्या.

सोसायटीत गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. समोरच्या ब्यूटी पार्लरवाल्या ताई "चेहऱ्याला थंड पडतं हो" म्हणून ओंजळभर पानं घेऊन गेल्या. वरचे विमा एजंट स्वतःहून सल्ला द्यायला आले: पुदिना रिकाम्या पोटी घ्यावा. त्यांच्या बायकोने जिन्यातच दुरुस्ती केली: भरल्या पोटी. मुद्देसाहेबांनी वाद नको म्हणून दोन्ही वेळा सुरू केला. कोणाला खोकला झाला, कोणाला झोप लागेना, कोणाच्या मुलाला गणित येईना, की मुद्देसाहेब चार काड्या घेऊन दारात हजर. हेडक्लार्क म्हणून लोक त्यांना इतकी वर्षं नुसते घाबरून होते. आता लोक बेल वाजवून विचारायचे, "साहेब, थोडा पुदिना आहे का?" त्या 'साहेब'मध्ये जी गोडी होती ती ऑफिसातल्या 'साहेब'मध्ये कधीच नव्हती.

कुंड्या पुरेनात. बाल्कनीत पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी तळमजल्यावरच्या घड्याळजींना विचारलं.

घड्याळजींबद्दल इथे थोडं सांगितलंच पाहिजे. बाजारातल्या एका बोळाएवढ्या दुकानात बसून त्यांनी आयुष्यभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली होती. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवता बसवता डोळे थकले. आता त्यांना उजेड कळायचा, माणसाची आकृती कळायची, बाकी सगळं धुरकट. इमारतीच्या मागे, कुंपणाच्या भिंतीलगत मातीचा एक लांबट वाफा होता. तिथे कोणी काही लावत नाही असं पाहून घड्याळजींनी निशिगंधाचे कंद लावले होते. दिसत नसताना फुलझाडं कशाला, असं कोणीतरी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "म्हणून तर वासाची लावली." संध्याकाळी वाफ्यासमोरच्या सिमेंटच्या बाकावर ते येऊन बसत. हंगामात वास सुटला की म्हणत, "चला, दिवस मावळला वाटतं." मुद्देसाहेबही ऑफिसातून आले की त्यांच्या शेजारी टेकायचे. दोघे फारसं बोलत नसत. घड्याळजींपाशी मुद्देसाहेबांना कुठलाच मुद्दा मांडावासा वाटत नसे, आणि ही त्यांच्या आयुष्यातली किती मोठी सुट्टी होती ते त्यांना तेव्हा कळलं नव्हतं.

"काका, वाफ्याचा एक कोपरा मिळेल का? पुदिन्यापुरता."

"घ्या की. तो नळाकडचा कोपरा मोकळाच आहे."

पुदिना कुंडीत असतो तेव्हा सभ्य असतो. जमिनीत गेला की त्याचा स्वभाव बदलतो. तो वरून दोन पानं हलवत निरागस उभा राहतो आणि खालून आडवी मुळं सोडत चालत सुटतो. मुद्देसाहेबांच्या पुस्तकांत ही गोष्ट लिहिलेली असणारच. पण ते फायद्यांचं प्रकरण वाचत होते. शिवाय पुदिन्याला ओल लागते, म्हणून ते सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर झारीने पाणी घालत. भरपूर. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाने पाण्यात हात आखडता घेतला असं कोणी म्हणायला नको. बाकावर टेकणं आता होत नव्हतं. झारी हातात घेऊन वाफ्याच्या कडेने फिरताना ते घड्याळजींना पानांची वाढ सांगत, आणि घड्याळजी आवाज येईल त्या दिशेला मान फिरवत ऐकत.

सोसायटीच्या सेक्रेटरींना हे खपलं नाही. त्यांच्या मते सामाईक जागेत खाण्याची वनस्पती लावायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. फुलझाडाला लागत नाही का, असं विचारल्यावर ते म्हणाले, "फुलं कोणी चहात घालत नाही." एके दिवशी ते कात्री घेऊन वाफ्याकडे येताना दिसले. दाढी करत असलेले मुद्देसाहेब अर्ध्या फेसासह जिना उतरून आले. शब्दाला शब्द वाढला. "उपटून टाकीन सगळं!" असं सेक्रेटरी म्हणाले, आणि तिथे मुद्देसाहेबांच्यातला हेडक्लार्क जागा झाला.

त्यांनी नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज केला. असा अर्ज त्या विभागाने आजवर पाहिला नव्हता. सगळ्या जोडण्यांसह, नकाशासह, चारही बाजूंच्या मापांसह. त्यात वाफ्याला 'नोंदणीकृत हरित क्षेत्र' म्हणून संरक्षण मिळावं अशी विनंती होती. नकाशात कोपरा वेगळा दाखवायचा तर आणखी एक परिशिष्ट लागलं असतं, म्हणून त्यांनी पूर्ण वाफाच दाखवला. उद्यान विभागाला इतका परिपूर्ण अर्ज नाकारायचा कसा हे कळेना, म्हणून त्यांनी तो मंजूर केला. एक माणूस येऊन वाफ्यात पत्र्याची पाटी ठोकून गेला: 'विभागाच्या लेखी परवानगीशिवाय येथील कोणतीही वनस्पती उपटू नये.' पाटीचा लोखंडी गज निशिगंधाच्या रांगेत मधोमध गेला. सेक्रेटरी खिडकीतून बघत होते. मुद्देसाहेबांनी त्यांच्याकडे पाहून चष्मा पुसला. विजयाचे क्षण त्यांच्या वाट्याला कमी आले होते, त्यामुळे त्यांनी तो बराच वेळ पुसला.

त्याच संध्याकाळी घड्याळजी म्हणाले, "साहेब, संध्याकाळचा वास जरा बदललाय, नाही?"

"बदललाय ना!" मुद्देसाहेब झारी खाली ठेवत म्हणाले. "मुद्दा असा आहे की, पुदिन्याच्या नुसत्या वासानेसुद्धा श्वास मोकळा होतो. तुम्हाला लगेच जाणवलं बघा!"

घड्याळजींनी वाफ्याकडे मान फिरवली. "हां," ते म्हणाले. "मोकळा होतो खरा."

घरी हे सांगितल्यावर बायकोने पोळपाट पुसता पुसता विचारलं, "त्यांच्या फुलांना त्रास नाही ना होत?"

"छे! त्यांनीच तर जागा दिली."

"कोपरा दिला होता," बायको म्हणाली. मुद्देसाहेब पुदिन्याच्या पाण्याचा पेला घेऊन बाल्कनीत गेले. काही वाक्यं माणूस ऐकतो आणि ऐकलीच नाहीत असं स्वतःलाही पटवतो, त्यातलं ते एक होतं.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, जी मुद्देसाहेब कोणाजवळ करत नव्हते. आचारी रजेवरून केव्हाच परतला होता, आणि त्यांचं पोट पुन्हा पूर्ववत झालं होतं. पूर्ववत कसलं, आधीपेक्षा वाईट. छातीत जळजळायचं, घशाशी आंबट यायचं. पण सबंध इमारतीला पुदिना पाजणाऱ्या माणसाने छातीवर हात ठेवून हिंडायचं कसं? जळजळ वाढली की ते पुदिना वाढवत. आपल्याकडूनच मात्रा कमी पडते आहे, अशी त्यांची खात्री होती.

वाचनालयाने त्यांचं व्याख्यान ठेवलं: 'पुदिना: घराघरातला वैद्य'. हॉल भरला होता. पार्लरवाल्या ताई पहिल्या रांगेत, विमा एजंट सपत्नीक, टायपिस्टबाई तर सासूबाईंनाच पुरावा म्हणून घेऊन आल्या होत्या. मुद्देसाहेब छान बोलले. पचनसंस्थेवर आले तेव्हा आवाज चांगला तापला होता. "मुद्दा असा आहे की," ते माइकजवळ झुकून म्हणाले, "पुदिना घेणाऱ्याच्या पोटातून कधीही—" आणि माइकनेच पुढचं वाक्य पूर्ण केलं. मोठ्या कर्ण्यातून. बाहेर रस्त्यावर उभी असलेली एक सायकल म्हणे पडली. सासूबाई टायपिस्टबाईंना म्हणाल्या, "माझं असं कधी नव्हतं हो." त्या पुटपुटल्या, पण माइकजवळ बसल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसात त्यांच्या छातीत अशी कळ आली की ते टेबलाला धरून खाली बसले. अभियंता स्वतः धावले. रुग्णवाहिका आली. मुद्देसाहेबांना स्ट्रेचरवरून नेताना टायपिस्टबाई रडत होत्या, आणि त्या रडण्यातही कोणाला तरी "पुदिना आहे का इथे?" असं विचारत होत्या.

हॉस्पिटलात हृदयाचा आलेख काढला. हृदय ठणठणीत. तरुण डॉक्टरीणबाईंनी खाण्यापिण्याची चौकशी सुरू केली. सिगारेट? नाही. दारू? नाही. तिखट, चहा, कॉफी?

"काही नाही," मुद्देसाहेब क्षीण पण अभिमानाच्या आवाजात म्हणाले. "मी फक्त पुदिना घेतो."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "किती?"

मुद्देसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने तक्रार विभागाच्या आवाजात सगळा तपशील दिला. सकाळचा, रिकाम्या पोटीचा, भरल्या पोटीचा, ऑफिसच्या बाटलीतला, झोपण्याआधीचा.

"हे बघा काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुदिना वाईट नाही. गॅस, पोटात मुरडा, अशा त्रासात बऱ्याच जणांना त्याने बरं वाटतं. पण तुमचा त्रास वेगळा आहे. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे एक झडप असते. पुदिन्याने ती सैल पडू शकते. मग आम्ल वर येतं."

"म्हणजे..." मुद्देसाहेबांनी उशीवरून मान उचलली. "गळती?"

"हो, गळतीच म्हणा."

  घरी आल्यावर रिक्षातून उतरताना बायकोने त्यांचा हात धरला, आणि सोडला नाही, जिन्यापर्यंत.

इमारतीत बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. आणि काय सांगावं, सगळ्यांना आधीपासूनच माहीत होतं! पार्लरवाल्या ताईंच्या एका गिऱ्हाइकाच्या गालावर पुरळ उठलं होतं, म्हणून त्यांनी केव्हाच बंद केला होता. विमा एजंट म्हणाले, "मी तर भिडेखातर घ्यायचो, बेसिनमध्ये ओतायचो." त्यांच्या बायकोने दुरुस्ती केली: बेसिनमध्ये नाही, कुंडीत. कितीतरी दारांत त्यांनी काड्या पोचवल्या होत्या. एकालाही तोंडावर नको म्हणवलं नव्हतं. मुद्देसाहेबांना हसावं की रागवावं कळेना. सुरुवातीची नवलाई ओसरल्यावर लोक आपल्याशी गोड वागत होते, ते पुदिन्यासाठी नव्हे आणि आपल्यासाठीही नव्हे. फक्त दारात उभ्या माणसाला लवकर परत पाठवण्यासाठी, हा हिशेब त्यांनी खुर्चीत बसून केला, आणि तो चुकत नव्हता.

संध्याकाळी ते खाली उतरले. हातात झारी नव्हती. कितीतरी महिन्यांनी ते घड्याळजींच्या शेजारी बाकावर नुसते टेकले.

"बरं वाटतंय का आता?" घड्याळजींनी विचारलं.

"बरंय."

वारा आला. वाफा पानांनी गच्च भरला होता, पाटीच्या पायापासून कुंपणाच्या भिंतीपर्यंत. मुद्देसाहेबांनी श्वास घेतला. पुदिना. पुन्हा घेतला. नुसता पुदिना. मग त्यांच्या लक्षात आलं, हा तर निशिगंधाचा हंगाम.

"काका, यंदा फुलं नाही आली?"

"नाही. गेल्या खेपेलाही एखाद-दुसरीच दांडी होती."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

घड्याळजींनी गुडघ्यावरून हात फिरवला. "बोललो होतो एकदा. तसं स्पष्ट नाही म्हणा. पण तुम्ही इतक्या हौसेने पाणी घालायचात. तुमच्या पावलांवरून कळायचं, आज साहेब खुशीत आहेत. एवढ्या वयाचा माणूस कशाने एवढा खूश झालेला मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. म्हटलं, असू दे. वास काय, आज नाही उद्या."

मुद्देसाहेबांच्या घशाशी आलं. या वेळी आम्ल नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी ते खुरपं घेऊन वाफ्यात उतरले, आणि वरून आवाज आला, "साहेब, पाटी वाचली का?" सेक्रेटरी गॅलरीत उभे होते. हातात चहाचा कप होता आणि चेहऱ्यावर वर्षानुवर्षांचं समाधान. "लेखी परवानगी हवी. नाहीतर मला कळवावं लागेल."

वाफ्याची नोंद रद्द करण्याचा अर्ज घेऊन मुद्देसाहेब उद्यान विभागात गेले. खिडकीमागे एक कारकून होता. त्याने अर्ज वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली, आणि त्याच्या तोंडावर खरोखरीचं वाईट वाटणं उमटलं.

"काका, नोंद कमी करायची तर स्थळपाहणी लागते. आणि कारण नीट लिहिलेलं नाही."

"कारण लिहिलंय. 'चूक झाली.'"

"चूक कोणाची, विभागाची की अर्जदाराची?"

"अर्जदाराची."

"मग तसा खुलासा जोडा," कारकून म्हणाला आणि अर्ज अदबीने परत सरकवला. मुद्देसाहेबांनी तो घेतला. काचेत त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता, नेमका कारकुनाच्या चेहऱ्यावर बसलेला. किती लोक त्यांच्या टेबलासमोरून असे कागद घेऊन मागे फिरले असतील! त्यातल्या एखाद्याच्या वाफ्यातही काहीतरी मरत असेल, हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

पाहणी झाली, खुलासा झाला, परवानगी आली. मधल्या काळात ते रोज बाकावर बसून हात बांधून पुदिन्याला वाढताना बघत होते. त्यांनी पाणी बंद केलं, तरी तो वाढत होता.

परवानगीच्या दिवशी त्यांनी रजा टाकली. बायको जुनी साडी नेसून मदतीला उतरली. पुदिना उपटायला लागल्यावर तो किती खोल गेलाय ते कळलं. एक काडी ओढली की हातभर लांबचं मूळ माती फोडत वर यायचं. आणि त्या जाळ्यात अडकलेले निशिगंधाचे कंद यायचे. मुद्देसाहेबांनी पहिला कंद उचलला तर तो बोटांत दबला. मऊ, पाणथळ, काळपट. निशिगंधाला साचलेलं पाणी सोसत नाही. पुदिन्याने त्यांचं अन्न खाल्लं असेल, उजेड अडवला असेल; पण त्यांना कुजवलं ते झारीने. रोज दोन वेळा, प्रेमाने.

"इकडे द्या," घड्याळजी बाकावरून म्हणाले.

मुद्देसाहेबांनी सगळे कंद एका सुपात गोळा करून त्यांच्या मांडीवर ठेवले. घड्याळजींनी एकेक हातात घेतला. अंगठ्याने हळूच दाबून बघायचे, बोटांच्या टोकांवर फिरवायचे, कानाशीच नेतील असं वाटावं इतक्या जवळ धरायचे. "हा गेला," ते म्हणायचे आणि बाजूला ठेवायचे. फेकायचे नाहीत, ठेवायचे. "हाही गेला. हा गेला." बायको पदराने मातीचे हात पुसत उभी राहिली. सेक्रेटरी गॅलरीत आले होते, ते आत गेले. सुपाच्या तळाशी आल्यावर एका लहानशा कंदापाशी घड्याळजींची बोटं थांबली. त्यांनी तो पुन्हा पुन्हा दाबून पाहिला.

"हा टणक आहे," ते म्हणाले.

"काका, माझ्यामुळे—" मुद्देसाहेब बोलू लागले.

"लावा परत. आणि ऐका, पाणी मी सांगेन तेव्हाच."

तो कंद लावला. मुद्देसाहेबांनी बाजारातून आणखी कंद आणून दोन्ही बाजूंना लावले. पहिल्या हंगामात एकालाही फूल आलं नाही, नुसती पाती. घड्याळजी संध्याकाळी बाकावरून जरा लवकर उठायचे. वासाशिवाय दिवस मावळल्याची त्यांना नीट खूण पटत नसे, म्हणून मुद्देसाहेब आपणहून सांगायचे, "मावळला काका," आणि त्यांना दारापर्यंत सोडायचे. ऑफिसात आता ते अर्ज परत पाठवण्याआधी माणसाला बसायला सांगत आणि राहिलेला कागद कुठून मिळेल ते समजावत. त्याने फार काही भरून निघालं असं नाही. वाफा ओकाबोकाच दिसत होता.

एका संध्याकाळी घड्याळजी बसल्या बसल्या थबकले. नाक किंचित वर केलं. "साहेब, वास येतोय का कसला?"

 मुद्देसाहेब वाकून वाफ्यात बघू लागले. पात्यांच्या मधून कुठेही दांडी वर आलेली नव्हती. मग त्यांना आपल्या चपलेखाली काहीतरी दिसलं. वाफ्याच्या कडेला लावलेल्या विटांच्या फटीतून पुदिन्याची एक कोवळी काडी वर आली होती आणि त्यांच्याच पायाने चिरडली गेली होती.

"पुदिना आहे, काका."

"असं होय."

मुद्देसाहेब उकिडवे बसले. काडी बुडाशी धरून त्यांनी सावकाश ओढली. मूळ विटेखालून थोडं आलं, आणि आत कुठेतरी तटकन तुटलं.

"निघाला का सगळा?" घड्याळजींनी विचारलं.

निघाला, असं म्हणणं सोपं होतं. त्यांना दिसणार नव्हतं.

"नाही," मुद्देसाहेब म्हणाले. "अर्धा आत राहिला."

"मग येईल परत," घड्याळजी म्हणाले, आणि बाकावर थोडं सरकून त्यांनी जागा केली.